जुना टर्बो ट्रक स्लोवर गचके देतो, रेसला ठीक: आधी काय तपासावं?

खाडीकाठ, रत्नागिरी

गाडी २००३ ची सोळा-तेरा, म्हणजे टाटा १६१३ ट्रक. ६९७ टर्बो इंजिन, मिकोचा इनलाइन पंप (सिलिंडरना डिझेल दाबाने देणारा), इंटरकूलर नाही. काम मासळीचं, मिरकरवाड्याहून आंबा घाटाने कोल्हापूर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बंदीत जागेवर उभी होती, टाकी अर्ध्याच्या खाली. ऑगस्टपासून स्लो, म्हणजे रेस न देता इंजिनाची चाल, बिघडलाय.

थंड इंजिनावर सेल्फ दोन-तीनदा मारावा लागतो. चालू झालं की पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. दहा मिनिटांत धूर जातो, गचके राहतात. गिअरचा दांडा नुसता नाचतो. ११००-१२०० च्या वर नेलं की सगळं गुळगुळीत. घाटात ओढ किंचित कमी वाटते, काळा धूर नाही. ऑइल खात नाही, पाणी कमी होत नाही.

झालेली कामं: दोन्ही डिझेल फिल्टर नवे, एअर फिल्टर फुंकून साफ, स्लोचा स्क्रू एक आटा वर. फरक शून्य. एक मेकॅनिक टर्बो उतरवा म्हणतो, दुसरा पंप उतरवा म्हणतो. खर्चाच्या आधी तपासणीचा क्रम हवाय.

चिरेखाण, राजापूर

टर्बोच असणार. वीस वर्षं झाली म्हणजे शाफ्ट हलत असेल, हवा पुरत नसेल. त्याशिवाय स्लो मरत नाही.

पंपटेबल, चिपळूण

टर्बोला हात लावू नका. स्लोवर तो जवळजवळ नुसताच फिरत असतो, बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा) लावलात तर काटा शून्यापाशी दिसेल. शिवाय या इंजिनात हवा मोजली जात नाही, डिझेल मोजलं जातं. स्लोवर हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्तच असते. होज फाटला तरी स्लो बिघडत नाही. घाटात लोड आला की काळा धूर आणि मेलेली ओढ, हे टर्बोचं दुखणं. तुमच्याकडे ते नाही.

मनातली शंका काढायची तर कॉम्प्रेसरकडून मॅनिफोल्डला जाणारा होज उतरवून आत बघा. तेलाचा ओशट हात चालतो, डबकं चालत नाही. पंखा बोटाने फिरवा, घराला घासला नाही पाहिजे. ऑइल निथळलेलं असताना शाफ्ट वर-खाली किंचित हलतो, ते बघून घाबरू नका. पुढे-मागे हाताला जाणवण्याइतका हलला तर मात्र बेअरिंग गेलं. पाच मिनिटांचं काम, मग टर्बोचा विषय बंद.

आता गचक्याचा ताल ओळखा. ६०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला ५ वेळा. एकच सिलिंडर मेलेला असेल तर धक्का ठरलेल्या तालात येतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा, फुंकरींच्या रांगेत एक दात पडल्यासारखं लागेल. धक्का कधी आहे, कधी नाही, मधेच दोन सेकंद बरं चालतंय, असं असेल तर डिझेलमध्ये हवा किंवा पाणी. आणि आवाज सावकाश वर-खाली झोके घेत असेल तर हंटिंग, म्हणजे गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारा भाग), रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) किंवा पुन्हा हवाच.

क्रम असा धरा: पाणी, हवा, मग कुठला सिलिंडर, मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड), मग टॅपेट (व्हॉल्वची फट), सगळ्यात शेवटी पंप. पाणी आणि हवा सहाही सिलिंडरना छळतात. ते काढल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी खोटं बोलते.

आणि तो स्लोचा स्क्रू होता तिथे परत न्या. गचके वर ढकलले की ऐकू येत नाहीत, जात नाहीत.

वेंगुर्ल्याचो

नोझलाक हात लावच्या आधी टाकीतला पाणी काढ रे बाबा! दोन म्हयने अर्धी टाकी पावसात उभी, आत घाम सुटतलो नाय तर काय?

रात्रभर गाडी हलवायची नाही. सकाळी सेल्फ मारायच्या आधी टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग ढिला करून लिटर-दीड लिटर पारदर्शक बाटलीत घे. तासभर ठेव. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. फिल्टरच्या वाट्यांखालचे ड्रेनही तसेच सोड. टाकीच्या झाकणाचं रबर बघ, आमच्याकडे निम्म्या गाड्यांचं गेलेलं असतं आणि पाऊस सरळ आत. जेटीवर पिंपातलं डिझेल कापडाशिवाय ओतत असाल तर विषयच संपला.

खाडीकाठ, रत्नागिरी

काढलं. दीड लिटरमध्ये तळाला चार बोटं पाणी. पाणी आणि डिझेल यांच्या मधोमध तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत थर. झाकणाचं रबर चिरलेलं आहे. ताल अजून पक्का कळत नाही, ठरलेला धक्का आहे पण मधेच बरं चालतं.

पंपटेबल, चिपळूण

म्हणजे दोन रोग एकत्र. तो बुळबुळीत थर जिवाणू-बुरशीचा आहे. पाणी आणि डिझेल भेटतात त्या रेघेवरच ती वाढते. तिने फिल्टर चोंदतो आणि पाण्यात आंबटपणा येऊन पंपाचं, नोझलचं लोखंड खरवडलं जातं. नुसता ड्रेन सोडून भागणार नाही. टाकी उतरवा, आतली सक्शनची जाळी काढा, धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. आज बाजूला काढलेलं डिझेल परत ओतायचा मोह टाळा.

स्लोवर हे इतकं का जाणवतं ते सांगतो. या मापाच्या इंजिनाला स्लोवर एका फवाऱ्यात जेमतेम १०-१५ घनमिलिमीटर डिझेल जातं. पाण्याचा एक थेंब ५० घनमिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एक थेंब तीन ते पाच फवारे खाऊन टाकतो. रेसला फवारा मोठा आणि आरपीएम जास्त, त्यामुळे फ्लायव्हील ते झाकून नेतं. "रेसला ठीक आहे" हे इंजिन ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

सागरीमार्ग, देवगड

टाकीत लिटरभर पेट्रोल टाकलं की पाणी जळून जातं असं सगळे सांगतात. का नको?

पंपटेबल, चिपळूण

पेट्रोलने पाणी जळत नाही, ते तळालाच राहतं. उलट पंपाचे एलिमेंट (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) डिझेलच्या स्निग्धतेवर चालतात, पेट्रोलने ती जाते. वर टाकीत आगीचा धोका. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळ्यांना हेच उत्तर.

घाटउतार, कणकवली

टाकी उतरवणारच आहात तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पूर्ण लाइन हाताने चाचपा. मासळीच्या गाडीला हा वेगळा जाच आहे. बर्फाचं पाणी मिठासकट फळ्यांतून चॅसिसवर गळतं आणि लोखंडी पाइप जिथे पत्र्याच्या क्लिपने धरलाय नेमकं तिथे साचून राहतं. पाइप बाहेरून रंगवलेला, धडधाकट दिसतो. क्लिप सोडली की खाली पापुद्रे. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी डिझेल बाहेर गळत नाही, कारण ती बाजू ओढीची आहे. ती हवा आत घेते. खाली ओल शोधत बसाल तर सापडणारच नाही.

हवा पकडायची सोपी युक्ती: फीड पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप क्लिप आवळून लावा. इंजिन स्लोवर चालू ठेवून मागे टॉर्च धरा. सुरुवातीचे बुडबुडे जातील. दोन मिनिटांनंतरही मण्यांची माळ चालू असेल तर गळती टाकीच्या बाजूला.

मग खात्री: ५ लिटरचा स्वच्छ कॅन फीड पंपाच्या वरच्या पातळीला बांधा, ओढीचा पाइप (सक्शन) त्यात, उरलेलं डिझेल परत आणणारा रिटर्नही त्यात. टाकी आणि लाइन दोन्ही बाद झाली. बुडबुडे थांबले तर दोष लाइनचा. नाही थांबले तर फीड पंपाचा हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) बघा, त्याच्या दट्ट्याचं रबर झिजलं की तिथूनही हवा जाते. बंजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर परत परत वापरून कडक झालेले असतात. नवे टाका. नसतीलच तर लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडतात. फीड पंपाच्या इनलेटला बारीक जाळी असते, तीही धुवा. ती आहे हे निम्म्यांना ठाऊकच नसतं.

मिस्त्री_कुडाळ

जोडीला ओव्हरफ्लो व्हॉल्व. पंपाच्या गॅलरीतून (आतल्या डिझेलच्या पोकळीतून) रिटर्नला डिझेल जातं तिथे गोळी आणि स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व असतो, गॅलरीत साधारण १ ते १.५ बार दाब धरतो. स्प्रिंग मेली किंवा खाली कचरा अडकला की गॅलरी पूर्ण भरत नाही आणि स्लो डळमळतो. स्लोवर रिटर्नचा रबरी पाइप दोन-तीन सेकंद चिमटीत दाबा. इंजिन सुधारलं तर व्हॉल्व बदला. किरकोळ वस्तू आहे. तिथे साधा पोकळ बोल्ट बसवलेल्या गाड्याही येतात, तेवढं बघून घ्या.

चिरेखाण, राजापूर

माझं टर्बोचं मागे घेतो. पण ब्लॉकवर सेन्सर असतो ना एखादा? स्कॅनर लावून बघितलं तर?

मिस्त्री_कुडाळ

या पंपाला विजेचं काहीच लागत नाही भाऊ. रॅक, गव्हर्नर आणि केबल. स्कॅनरची वायर लावायला जागाच नाही.

केबलवरून आठवलं. इंजिन बंद करायची केबल गंजून अर्ध्यात अडकते, स्टॉपचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि रॅकला आखडता हात मिळतो. पंपाजवळ लिव्हर हाताने मागे ढकला, स्लो सुधारला तर केबल बदला. एक्झॉस्ट ब्रेकची फडकी (धुराच्या पाइपातली झडप) तशीच बघा. पावसाळ्यात उभी गाडी म्हटल्यावर तिचा स्पिंडल गंजतो, फडकी थोडी मिटलेलीच राहते आणि इंजिन घुसमटतं. लिव्हर पूर्ण उघड्या स्टॉपला टेकतो का ते डोळ्यांनी बघायचं.

इंजिन फाउंडेशनचे रबर फुटले असतील तर चांगलं इंजिनही केबिन हलवतं. दांडा नाचतोय म्हणालात म्हणून सांगितलं. टॉमीने इंजिन किंचित उचलून बघा, रबर पत्र्यापासून सुटलेला दिसतो.

खाडीकाठ, रत्नागिरी

अहवाल.

टाकी धुऊन वाळवली, झाकणाचं रबर नवं. पारदर्शक पाइपमध्ये माळ होती, कॅनवर घेतल्यावर गेली. घाटउतार यांनी सांगितलेलीच जागा निघाली: मागच्या चाकापुढच्या दुसऱ्या क्लिपखाली पाइप पार कुजलेला, नखाने टोचला गेला. टाकी ते फीड पंप नवा पाइप, क्लिपखाली रबर घालून. कॉपर वॉशर सगळे नवे. रिटर्न दाबून फरक पडत नाही. फडकी पूर्ण उघडते. फाउंडेशनचा मागचा डावा रबर सुटलाय, मागवलाय.

फिल्टर परत बदलले. मग हवा काढली. आता इंजिन मधेच बरं, मधेच वाईट असं करत नाही. ठरलेल्या तालात धक्का आहे, आणि तो आता स्वच्छ कळतो. थंडीतला पांढरा धूर निम्म्यावर.

पंपटेबल, चिपळूण

उत्तम. आता एकेक सिलिंडर कापा.

डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. नोझलकडे जाणाऱ्या कडक पाइपचं नट, १७ नाहीतर १९ चा पाना बसेल, नोझलच्या बाजूने फक्त अर्धा आटा ढिलं करा. भोवती फडकं धरा, पण हात किंवा बोट फवाऱ्यापुढे नेऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं. वर फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं, तसं झालं तर त्याच तासात सर्जनकडे. ढिलं केल्यावर आरपीएम पडला, आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक नाही तर मेलेला. नट आवळा, पुढचा. १ नंबर रेडिएटरकडचा. फायरिंग ऑर्डर (पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४.

कानावर भरवसा नसेल तर क्रँक पुलीला चमकपट्टी लावून टॅकोमीटर धरा. दुसरी साक्ष म्हणून सकाळी थंड सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे सहा गळे मोजा, सगळे सारख्याच अंतरावरून. मेलेला गळा मागे रेंगाळतो. उशीर केलात तर शेजारच्यांची ऊब घेऊन तोही तापतो आणि मग काही कळत नाही.

सागरीमार्ग, देवगड

बीएस-४ च्या सीआरडीआय (कॉमन रेल, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीलाही असंच नट ढिलं करून बघायचं का? तीही स्लोवर हलते.

मिस्त्री_कुडाळ

अजिबात नाही! तिथे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत) हजाराच्या वर बार दाब जातो, जीवाशी खेळ. ती स्कॅनरने कापतात. हाताने करण्यासारखं म्हणजे रिटर्नची तपासणी: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी मोजबाटली लावून इंजिन स्लोवर मिनिटभर चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आलं तर तो इंजेक्टर संशयित. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे दोन जातींची सरमिसळ नको.

खाडीकाठ, रत्नागिरी

स्लो ६२० वर असताना:
१ ढिला: ५५० पर्यंत पडतो
२ ढिला: ६०० पर्यंत, जेमतेम
३, ४, ६: ५५० च्या आसपास
५ ढिला: काही नाही

मॅनिफोल्ड तीन मिनिटांनी: ५ नंबर ४८ अंश, २ नंबर ६७, बाकीचे ८५ ते ९२.

पंपटेबल, चिपळूण

आता पंपाकडे धावू नका. ५ आणि १ चे नोझल होल्डरसकट अदलाबदल करा. रोग १ ला गेला तर नोझल. ५ वरच राहिला तर वरून पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व (कडक पाइपकडे जाणारं डिझेल परत न येऊ देणारा), नाहीतर खालून कॉम्प्रेशन. २ चं ६ शी करा. वॉशर प्रत्येक वेळी नवा.

होल्डर काढलात की टॉर्चने बोअरमध्ये बघा आणि खालचा कॉपर वॉशर तारेच्या आकड्याने ओढून काढा. जुना वॉशर कार्बनने हेडला चिकटून बसतो, आत काही राहिलंय हे कळत नाही आणि वर नवा घातला जातो. दोन वॉशर झाले की नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेवर आदळतो. थंडीत पांढरा धूर, स्लोला गचके, नोझल मात्र टेबलवर (दुकानातल्या तपासणी यंत्रावर) पास. फार छळणारी चूक आहे ही. बोअर साफ करताना खाली कार्बन पडू नये म्हणून ग्रीस लावलेलं फडकं घाला, नंतर सेल्फ दोन फेरे मारून उडवा.

खाडीकाठ, रत्नागिरी

५ चा रोग १ ला गेला. २ चा तिथेच राहिला.

आणि हो, ५ नंबरात दोन वॉशर निघाले. खालचा काळा ठिक्कर, हेडचाच भाग वाटत होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून उचकटला तेव्हा कळलं.

सहाही नोझल टेबलवर दाखवले. चार्टच्या मानाने ५ वाला ४५ बारने आधी सुटतो आणि टपकतो. बाकीचे १० ते १५ बारने खाली, फवारा बरा.

पंपटेबल, चिपळूण

म्हणजे ५ ला दोन्ही होतं. नोझलही गेलेला आणि वॉशरही दुहेरी. रोग १ ला गेला तो नोझलचा वाटा. वॉशरचा वाटा ५ ला नोझल नवा टाकल्यावर उघडा पडला असता आणि तुम्ही पंपवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

सहाही नोझल टिप नवे टाका, एकाच जातीचे, नंबर होल्डरवरच्या जुन्याशी जुळवून. साध्या ६९७ चे आणि टर्बोचे सारखे दिसले तरी भोकं आणि कोन वेगळे असू शकतात, दुकानदाराच्या "चालतं" वर जाऊ नका. टेबलवर समोर उभं राहून या तीन गोष्टी करून घ्या. सुटण्याचा दाब चार्टवर, सहाही एकमेकांच्या ५ बारच्या आत. शिम (स्प्रिंगवरची पातळ चकती) ०.०५ मिमी वाढवला की सुमारे ५ बार वाढतात. दुसरं, सुटण्याच्या दाबाच्या २० बार खाली १० सेकंद धरायचं, टोकाला थेंब लोंबता कामा नये. तिसरं, दांडा सावकाश दाबताना कर्रर्र असा आवाज आणि सगळ्या भोकांतून सारखं धुकं. एकही काडीसारखी सरळ धार नको.

२ चं आधी टॅपेट. इंजिन थंड, फट हँडबुकात तुमच्या इंजिन नंबरला जी दिलीय तीच. जोड्या १-६, ५-२, ३-४. जोडीतल्या एकाचे दोन्ही व्हॉल्व झोका घेत असताना, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, दुसऱ्याची फट बसवायची. २ साठी ५ झोक्यावर आणा. एक्झॉस्ट घट्ट असेल तर तापल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन तिथून जातं.

मग कॉम्प्रेशन मीटर. बॅटरी भरलेली, सहाही नोझल बाहेर, स्टॉप ओढलेला. आकड्यापेक्षा फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा ३-४ बारने खाली असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून परत मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅसकेट.

घाटउतार, कणकवली

६९७ या नावावर थोडं अवांतर, नव्या वाचकांसाठी. ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८, गुणाकार करा, ५६७५ सीसी येतात. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझचा १९५४ ते १९६९ करार होता, त्या घराण्यातली ही मापं. आणि "मिको" ही कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे. काउंटरवर दोन्ही नावं चालतात, त्यामुळे वेगळा माल समजू नका.

खाडीकाठ, रत्नागिरी

२ चा एक्झॉस्ट घट्ट होता, फट मोजायच्या गेजचं सगळ्यात बारीक पातंही गेलं नाही. सगळे बसवले. कॉम्प्रेशन सहाही दीड बारच्या आत. नवे नोझल, नवे वॉशर, एकेकच.

५ नंबर जिवंत झाला. २ थोडा सुधारला, पण नट ढिलं केल्यावर आरपीएम फक्त ३५ ने पडतो, बाकीचे ७० ने. पांढरा धूर सकाळी मिनिटभर.

मिस्त्री_कुडाळ

आता २ चा डिलिव्हरी व्हॉल्व. इंजिन बंद. २ नंबरचा कडक पाइप पंपाच्या बाजूने सोडा, बाजूला घ्या. डिलिव्हरी व्हॉल्वच्या होल्डरच्या तोंडातलं डिझेल फडक्याने टिपून तोंड कोरडं करा. हँड प्रायमर पंधरा-वीस वेळा मारा. तोंडात डिझेल वर येता कामा नये. या व्हॉल्वला उघडायला फीड पंपाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. वर आलं तर व्हॉल्व बसत नाहीये. तुलनेसाठी ३ चंही करून बघा.

न बसणाऱ्या व्हॉल्वने लाइनमधला दाब फवाऱ्यांच्या मधे उतरतो. पुढचा फवारा आधी ती पोकळी भरतो, मग नोझल उघडतो. उशिरा आणि कमी. स्लोवर फवाराच मुळात चिमूटभर, त्यामुळे मार तिथे बसतो.

खाडीकाठ, रत्नागिरी

२ ला भरून येतं, बाहेर ओघळतं. ३ कोरडा. व्हॉल्व गाडीवरच बदलू का?

पंपटेबल, चिपळूण

एक असेल तर गाडीवर होतं, पण पाणी गेलेल्या पंपात एकच खराब असण्याची शक्यता कमी. पंप उतरवून टेबलवर द्या. द्यायच्या आधी कपलिंग आणि टायमिंगच्या खुणा पेंटने दोन्हीकडे रंगवून घ्या. सांगायचं काय: सहाही डिलिव्हरी व्हॉल्व बघा, एलिमेंटवर गंजाचे डाग बघा, स्लो आणि फुल लोडचं माप सहाही सिलिंडरना जुळवा, कॅलिब्रेशनचा चार्ट हातात द्या.

गाडीवरच करायचं ठरवलंत तर आजूबाजूचं वॉशिंग करून, वारा आणि धूळ नसताना. व्हॉल्व, सीट आणि वॉशर तिन्ही एकत्र बदला, व्हॉल्व एकाचा आणि सीट दुसऱ्याची कधी नाही. होल्डर टॉर्क रेंचनेच, चार्टच्या आकड्यावर. अंदाजाने पाइप लावून आवळलात तर आतलं बॅरल दबतं, प्लंजर घट्ट होतो आणि रॅक अडकतो. रॅक उघड्यात अडकला तर सुरू केल्याबरोबर इंजिन सुसाट. म्हणून आवळून झाल्यावर स्टॉपचा लिव्हर हाताने पूर्ण मागे-पुढे करून बघा, मध्ये कुठेही रुतता कामा नये. पहिल्या सेल्फच्या वेळी एअर इनटेकचं तोंड झाकायला जाड फळी घेऊन एक माणूस उभा हवा. हात किंवा कापड नाही, ओढून नेतं.

खाडीकाठ, रत्नागिरी

टेबलवर दिला. २ आणि ६ च्या डिलिव्हरी व्हॉल्वच्या कोनावर गंजाचे टिपके, नखाला लागणारे. २ च्या एलिमेंटवरही फिकट डाग. व्हॉल्व सहाही नवे, एलिमेंट २ चा एकच. माप जुळवलं. खुणांवर बसवला, मागचा फाउंडेशन रबरही नवा.

आता: स्लो हँडबुकाच्या आकड्यावर, स्क्रू मूळ जागेच्याही किंचित खाली. सहाही सिलिंडर ढिले करून ६५ ते ७० ने पडतात. सकाळी सेल्फ एका दमात, धूर दहा-पंधरा सेकंद. दांडा थरथरतो, नाचत नाही. हवेच्या टाक्या भरल्यावर कॉम्प्रेसर मोकळा होतो तेव्हा आवाज किंचित बदलतो, तेवढंच.

मिस्त्री_कुडाळ

कॉम्प्रेसरचं ते चालतं, त्याचा भार येतो-जातो म्हटल्यावर आवाज बदलणारच. फिल्टर हजार किलोमीटरवर एकदा परत बदला, टाकीत राहिलेली बुरशी पहिल्या काही फेऱ्यांत सुटून येते. वाट्यांचे ड्रेन महिनाभर रोज सकाळी.

सागरीमार्ग, देवगड

पुढच्या बंदीत उभी करताना काय करायचं?

वेंगुर्ल्याचो

टाकी गळ्यापर्यंत फुल. आत हवा उरली नाय तर घाम खंयसून सुटतलो? झाकणावर प्लॅस्टिक आणि सुतळी. चॅसिस गोड्या पाण्याने धुवून, लाइनच्या क्लिपा सोडून खाली ग्रीस. पंधरा दिवसांनी ड्रेन सोडून बघणं आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवणं. नुसती पाच मिनिटं चालू करून बंद केलीस तर सायलेन्सरात आणखी पाणी साचतं. एक्झॉस्ट ब्रेकच्या स्पिंडलला तेल टाकून दर वेळी फडकी चार वेळा हलव.

खाडीकाठ, रत्नागिरी

क्लिपा आत्ताच सोडून ग्रीस लावतो. जुन्या रिटर्न पाइपच्या तिघींखालीही पापुद्रे दिसायला लागलेत.